शर्यतीचा खेळ आणि डोंगराचा हिशेब

मार्च महिन्यातील एका दुपारी जव्हारच्या एस. टी. स्थानकावर मोखाड्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर आमच्याच महाविद्यालयातील कला शाखेचा एक विद्यार्थी मोबाइलवर खेळण्यात गढून गेला होता. फोनच्या काचेला तडा गेलेला. पण त्या इवल्याशा पडद्यावर एक तांबडी जीप हिरव्यागार टेकड्या चढत होती, उतरत होती, उलटता उलटता सावरत होती. मी डोकावतो आहे असे लक्षात येताच तो ओशाळला, उठून उभा राहू लागला. मी त्याला बसवले आणि पुढे काय होणार म्हणून विचारले. "पेट्रोल संपत आलंय, सर. पुढच्या उतारावर डबा असतो. तिथपर्यंत पोचलं की झालं." तो पोचला. डबा मिळाला, टाकी भरली आणि जीप पुढच्या टेकडीला लागली. त्याच सुमारास स्थानकासमोरून एक टँकर घरघरत गेला. कुठल्या तरी पाड्याची रिकामी विहीर भरायला तो निघाला होता. खेळातला डबा आणि रस्त्यावरचा टँकर एकाच वेळी पाहिल्यामुळे जे विचार मनात आले, ते येथे मांडतो आहे.

तो खेळ म्हणजे 'हिल क्लाइम्ब रेसिंग'. २०१२ साली फिनलंडमधील औलू या गावी टोनी फिंगरूस नावाच्या एका तरुणाने तो जवळजवळ एकहाती रचला. पुढे तो जगभरातील एक अब्जाहून अधिक फोनांवर उतरवून घेतला गेला. मोठ्या कंपनीच्या भांडवलावाचून चारदोघांनी मिळून, क्वचित एकट्याने, रचलेल्या अशा खेळांना 'इंडी', म्हणजे स्वतंत्र, खेळ म्हणतात. आमच्या भागात तो लोकप्रिय होण्याचे कारण अगदी साधे आहे. त्याला रेंज लागत नाही, महागडा फोन लागत नाही आणि पैसे मोजावे लागत नाहीत. पैशाऐवजी मधूनमधून जाहिरात पाहावी लागते. म्हणजे किंमत द्यावी लागतेच, फक्त ती वेळेच्या चलनात.

अशा खेळांविषयी आम्हा शिक्षक मंडळींची मते सामान्यतः दोन टोकांची असतात. एक वर्ग म्हणतो, ही पोरे बिघडवणारी कीड आहे, फोन काढून घ्या. दुसरा म्हणतो, खेळातून शिक्षण देता येते, तेव्हा शर्यतीत थोडा पर्यावरणाचा धडा घाला, झाडे दाखवा, प्लॅस्टिक उचलायला लावा, म्हणजे काम झाले. माझ्या मते दोन्ही वर्ग खेळाचे फक्त बाह्यरूप पाहतात. कोणताही खेळ जे शिकवतो ते त्यातील चित्रांवरून ठरत नाही. कशाला गुण मिळतात, कशाचा दंड होतो आणि कशाची मोजदादच होत नाही, यावरून ते ठरते. पर्यावरणाचा खेळ म्हणून जे आपल्यापुढे येते, त्याची पारख याच कसोटीवर केली पाहिजे.

नियमांतील नीती

हा विचार परदेशातून आणण्याची गरज नाही. आपल्याकडचा 'मोक्षपट' हा शर्यतीचाच खेळ होता. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. पटावर घरे असत. सद्गुणांच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणांच्या घरातून साप खाली ओढी आणि जो शेवटच्या घरी आधी पोचे तो जिंकला. या पटावर प्रवचन नव्हते. मत्सराच्या घरात सोंगटी पडली की ती घसरे, आणि एवढ्यावरून खेळणाऱ्याला जे समजायचे ते समजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हा खेळ इंग्लंडात गेला. तेथे आरंभी पटावर तेथल्या सद्गुणांची नावे आली, मग हळूहळू तीही पुसली गेली आणि उरली ती नुसती सापशिडी, केवळ फाशांच्या दैवावर चालणारी मुलांची करमणूक. साप राहिले, शिड्या राहिल्या, रंग तर अधिकच खुलले. पण घसरण कशामुळे होते हे सांगणारी अक्षरे गेली. खेळाचा आशय गमावण्यासाठी त्याची चित्रे बदलावी लागत नाहीत, हा यातला बोध आहे.

आता आजच्या शर्यतीच्या खेळाकडे पाहू. त्यात तीन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात. पहिली, रस्ता आधीच तयार असतो. त्यासाठी कोणते रान तुटले, कोणाची वरकस जमीन गेली, हे खेळाच्या बाहेरचे. दुसरी, इंधन आकाशातून पडल्यासारखे वाटेत ठेवलेले असते. ते संपते हे खेळ प्रामाणिकपणे दाखवतो, पण ते येते कोठून हे दाखवत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हरलात की 'पुन्हा खेळा' असे बटण येते आणि ते दाबताच सारे जग होते तसे होते. उलटलेली जीप उभी राहते, टेकडी हिरवी होते, टाकी भरते. मागील फेरीतील कोणत्याही कृतीची खूण पुढील फेरीत उरत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही तिन्ही गृहीते ओळखीची वाटावीत. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी भोवतालच्या रानाचे जे नुकसान होते त्याचे उदाहरण दिले आहे. ते नुकसान रेल्वे कंपनीच्या हिशेबवहीत येत नाही. भरपाई मिळाली नाही तर ते रानाच्या मालकाच्याच माथी बसते. एकाच्या व्यवहाराचा खर्च दुसऱ्याच्या खाती पडावा आणि पहिल्याचा नफा मात्र निर्भेळ दिसावा, याला आम्ही वर्गात 'बाह्य परिणाम' असे निरुपद्रवी नाव देतो. शर्यतीचा खेळ म्हणजे बाह्य परिणाम संपूर्णपणे वगळलेली हिशेबवही होय. त्यात वेग तेवढा जमेला दिसतो.

याचा अर्थ तो खेळ दुष्ट आहे असा नाही. टेकडीवर तोल सावरण्याची मौज निखळ आहे आणि ती माझ्या विद्यार्थ्याला मिळते याचा मला आनंदच आहे. डोंगरउतारावर जुना टायर काठीने हाकत धावणाऱ्या मुलांची मौज याच जातीची. आक्षेप आहे तो अशा हिशेबवहीला हिरवा पुठ्ठा घालून तिला पर्यावरणाचा खेळ म्हणण्याला.

हिरवा पुठ्ठा

हा पुठ्ठा सध्या बराच चलनात आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पुढाकाराने खेळ बनवणाऱ्या कंपन्यांची 'प्लेइंग फॉर द प्लॅनेट' ही आघाडी स्थापन झाली. या कंपन्यांनी आपला कार्बन कमी करावा आणि आपल्या खेळांतून खेळाडूंना पर्यावरणाकडे वळवावे, असा तिचा उद्देश. हेतू स्तुत्य आहे. लंडनच्या एका छोट्या संस्थेने २०२० साली काढलेल्या 'अल्बा' या रंगीबेरंगी खेळात एक मुलगी भूमध्य समुद्रातील बेटावर पशुपक्ष्यांची नोंद करते, कचरा उचलते आणि बेट वाचवायला माणसे जमवते. खेळाची एक प्रत गेली की एक झाड लावू, असे वचन कर्त्यांनी दिले आणि दहा लाख झाडांचे उद्दिष्ट ठेवले.

येथे महाराष्ट्रातील वाचकाला काही आठवल्यावाचून राहणार नाही. २०१९ साली आपल्या राज्यानेही ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट जाहीर केले होते. लावलेल्या रोपांपैकी जगली किती, हा वाद पुढे विधिमंडळापर्यंत गेला. झाड लावणे ही एका दिवसाची घटना आहे आणि झाड जगवणे ही दहा वर्षांची जबाबदारी. जो हिशेब केवळ पहिल्याची नोंद करतो, तो सरकारचा असो की खेळाचा, अपुराच असतो.

प्रत्यक्ष शर्यतीतही हेच घडले. २०२१ साली 'एक्स्ट्रीम ई' नावाची विजेवर चालणाऱ्या मोटारींची शर्यतमालिका सुरू झाली. हवामानबदलाचा फटका बसलेल्या प्रदेशांत जाऊन शर्यत करायची आणि त्यातून जगाचे लक्ष वेधायचे, अशी तिची कल्पना. त्याप्रमाणे सौदी अरेबियाच्या वाळवंटापासून ग्रीनलंडपर्यंत मोटारी जहाजाने नेल्या गेल्या. वितळणाऱ्या हिमाच्या रक्षणासाठी हिमाच्या दारात जाऊन मोटारी पळवाव्यात, यातील विसंगती आयोजकांना दिसली नसेल असे नाही. त्यांनी प्रेक्षकांना बोलावले नाही, जहाजाचा खर्च आणि धूर कमी ठेवण्याची काळजी घेतली. तरीही जिंकला तो आधी पोचणाराच. हिमाची स्थिती गुणफलकावर नव्हती.

मग नियमांतच पर्यावरण घालणारा खेळ असू शकतो काय? असू शकतो. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनच्या 'फ्री लाइव्ज' या संस्थेचा २०२३ मधील 'टेरा निल' हा त्याचा नमुना आहे. खेळाडूला उजाड जमीन मिळते. तेथे यंत्रे बसवून माती शुद्ध करायची, पाणी आणायचे, रान उभे करायचे. शेवटची अट मात्र विलक्षण आहे. आपण उभारलेले प्रत्येक यंत्र मोडून, गोळा करून तेथून निघून जायचे, आपली खूणही मागे ठेवायची नाही. तोवर डाव पुरा होत नाही. या खेळात कोणी उपदेश करीत नाही. आवरून निघणे हाच विजयाचा नियम आहे आणि म्हणून तो लक्षात राहतो. हा शर्यतीचा खेळ नव्हे हे खरे. परंतु जे रान उभारण्याच्या खेळात साधले ते शर्यतीत साधणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

आमच्या डोंगराचे नियम

शर्यतीत ते कसे साधेल याचे उत्तर शोधायला जव्हार-मोखाड्याइतकी योग्य जागा दुसरी नसेल. या दोन तालुक्यांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात, किंबहुना त्याहून अधिक पाऊस पडतो. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार; त्यामुळे पडलेले पाणी थांबत नाही, वाघ, पिंजाळ, वैतरणा या नद्यांतून निघून जाते. दिवाळी सरली की ओहोळ आटू लागतात, भात-नाचणी-वरई घरात आली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात. त्या जाण्याला आमच्याकडे 'जगायला जाणे' म्हणतात, या शब्दावर अधिक भाष्य नको. मार्चनंतर अनेक पाड्यांच्या वाटेवर टँकर दिसू लागतात.

याच मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण आहे. १०२ मीटर उंचीचे हे धरण मुंबई महानगरपालिकेने बांधले. दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला पुरवण्याची त्याची योजना आहे. मुंबईला पाणी मिळू नये असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु ज्या डोंगरावरून ते पाणी वाहते त्या डोंगरावरची बाई मे महिन्यात दोन हंडे डोक्यावर घेऊन कातळ चढत असेल, तर कोठे तरी हिशेबवहीतील एक बाजू लिहायची राहून गेली आहे एवढे तरी मान्य करावे लागेल.

आता एक खेळ कल्पून पाहू. शर्यतच, पण हंड्यांची. झऱ्यापासून पाड्यापर्यंत वाट आहे, सूर्य डोक्यावर येण्यापूर्वी घर गाठायचे आहे. वेगाने पळालात तर पाणी सांडते, सावकाश चाललात तर ऊन चढते. हे झाले साधे कौशल्य, तांबड्या जीपच्या तोलासारखे. पुढचा नियम महत्त्वाचा. या खेळात 'पुन्हा खेळा' हे बटण नाही, त्याजागी 'पुढचा महिना' आहे. ऑक्टोबरच्या फेरीत थांबून ओहोळावर पोती रचून वनराई बंधारा घातलात तर त्या फेरीत तुम्ही मागे पडाल. पण झरा एप्रिलपर्यंत टिकेल. वाट जवळची व्हावी म्हणून उतारावरची झाडे तोडलीत तर नोव्हेंबरात पहिले याल आणि मे महिन्यात झरा आटलेला पाहून दुसऱ्या डोंगरापर्यंत चालत जाल. शेवटी विजय कोणाचा, हे प्रथम कोण पोचला यावरून ठरत नाही. जूनचा पाऊस येईतो पाड्यावरील सर्व घरांना पाणी पुरले की नाही, यावरून ठरते. म्हणजे शेजाऱ्याला मागे टाकून जिंकताच येत नाही. तारप्याच्या फेरात जसा पहिला आणि शेवटचा नसतो, तसे काहीसे.

हा खेळ कंटाळवाणा होईल काय? मला तसे वाटत नाही. मोक्षपट शतकानुशतके खेळला गेला तो कर्तव्य म्हणून नव्हे. आणि या खेळाचे नियम कोणा तज्ज्ञाने शोधून काढायचे नाहीत. माझ्या वर्गातील निम्म्या मुलींना ते पाठ आहेत.

चैनीचा प्रश्न?

यावर एक आक्षेप रास्तपणे येईल. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे जव्हारचे नाव देशभर गेले. त्यानंतरही कुपोषणाच्या बातम्या या भागाची पाठ सोडीत नाहीत. अशा ठिकाणी व्हिडिओ खेळांची चर्चा म्हणजे भुकेल्यापुढे वाढलेला चित्रातला लाडू नव्हे काय? आधी पाणी, आधी दवाखाना, आधी अन्न. हा क्रम मला मान्य आहे आणि त्यात कोणत्याही खेळाने फरक पडणार नाही.

परंतु वस्तुस्थिती अशी की खेळ येथे आम्हाला विचारून आलेला नाही. ज्या पाड्यावर नळाला नियमित पाणी येत नाही तेथेही फोन पोचला आहे. त्याबरोबर दुसऱ्याने रचलेले नियम, दुसऱ्याची टेकडी आणि दुसऱ्याचा जयपराजयाचा अर्थही पोचला आहे. तेव्हा खेळ हवा की नको हा प्रश्न मागे पडला. आमची मुले या व्यवहारात केवळ गिऱ्हाईक राहणार की कधी कर्ते होणार, एवढाच प्रश्न उरला आहे.

गिऱ्हाईक की कर्ते?

हा प्रश्न आताच विचारण्याला कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली आणि इतर खेळांच्या वाढीला उत्तेजन देण्याचे धोरण सांगितले. पाठोपाठ सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सचेतपट, दृश्यपरिणाम, खेळ आणि तत्सम उद्योगांसाठी धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतचा त्याचा आराखडा ३,२६८ कोटी रुपयांचा आहे. हा पैसा कोठे जाईल? अनुभव असा की अशा योजनांतील पैसा उतारावरच्या पाण्यासारखा वागतो. जेथे इमारती, वीज, वेगवान इंटरनेट आणि ओळखीपाळखी आहेत त्या शहरांकडे तो वाहत जातो. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली 'राजी' हा खेळ जगापुढे ठेवला, ही अभिमानाची गोष्ट आहे. मराठी मुलुखात कौशल्य आहे हे त्यातून सिद्ध झाले. पण पुण्याहून मोखाड्यापर्यंत तोरंगण घाट उतरून ते कौशल्य आपोआप येणार नाही.

ते आणता येते याचे उदाहरण मात्र जगात आहे. अलास्कातील इनुपियाट या आदिवासी समाजाच्या गोष्टीवर २०१४ साली 'नेव्हर अलोन' हा खेळ निघाला. तेथील 'कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल' या आदिवासी संस्थेने स्वतः पुढाकार घेऊन एका खेळ-कंपनीबरोबर तो केला. समाजातील वडीलधारी मंडळी, कथा सांगणारे आणि कलावंत रचनेत सहभागी झाले. निवेदन त्यांच्याच भाषेत राहिले. महत्त्वाचे म्हणजे तो समाज या व्यवहारात भागीदार होता, निव्वळ विषय नव्हता.

आपल्याकडील अनुभव याच्या उलट आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही लाभले. तरीही चादरींवर, कपांवर, मोटारींवर जी वारली चित्रे दिसतात त्यांपैकी किती चित्रांचा मोबदला वारली घरात पोचतो, हे आम्ही सारे जाणतो. उद्या कोणी गेरूच्या रंगाची टेकडी आणि तीवर पांढऱ्या रेषांची जीप काढून तिला आदिवासी पर्यावरणाचा खेळ म्हणेल, पुरस्कारही मिळवील. तो खेळ पुन्हा तोच असेल. फक्त यावेळी पुठ्ठा गेरूचा असेल.

म्हणून मागणी साधी आहे. या धोरणातील एक लहानसा, पण नावाने राखून ठेवलेला हिस्सा आदिवासी तालुक्यांतील महाविद्यालयांना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना मिळावा. दहा-बारा बरे संगणक, एक शिकवणारा आणि दोन वर्षांची मुदत एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. औलूच्या त्या तरुणाकडेही याहून फार काही नव्हते. मुलांनी वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी बोलींत आपापल्या डोंगराचे खेळ रचावेत. ज्या पाड्याची गोष्ट वा चित्र वापरले जाईल, त्या पाड्याचा वाटा करारात लिहिलेला असावा. आणि आम्ही शिक्षकांनी फोन हिसकावण्यापूर्वी एकदा शेजारी बसून विचारावे, "यात गुण कशाला मिळतात रे?" नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोन्ही विषयांची सुरुवात त्या प्रश्नापासून होऊ शकते.

त्या दुपारी मोखाड्याची गाडी आली तेव्हा मी त्या विद्यार्थ्याला तोच प्रश्न विचारला. तो थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "किती लांब गेलो त्याला, सर." गाडीत तो खिडकीशी बसला. घाटाच्या वळणावर तो मघाचा टँकर एका विहिरीपाशी उभा होता आणि हंड्यांची रांग लागली होती. त्याने फोन खिशात ठेवला आणि म्हणाला, "आमच्या पाड्यावर बुधवारी येतो." खेळातला डबा मात्र नेहमीच वेळेवर येतो.